किनारी नौकानयन, शिडाचे (मुंबई ते गोवा)

जमीन नजरेआड होऊ न देता, शिडाच्या जहाजांनी सोबतीने किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे केलेला प्रवास. मुंबईहून पणजीपर्यंतचे अंतर सुमारे २२५ सागरी मैल. रेवदंडा, मुरूड-जंजिरा, श्रीवर्धन, बाणकोट, हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण व वेंगुर्ले ही वाटेतली जुनी बंदरे. मालासाठी पडाव, मचवे, फत्तेमाऱ्या चालत. मराठी आरमारात दोन-तीन डोलकाठ्यांची मोठी गुराब आणि शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारे लहान गलबत, ही जोडी असे.

  

या प्रवासाचे सारे गणित वाऱ्यावर आहे. नैऋत्य मोसमी वारे सुरू असताना किनारा शिडासाठी बंद असतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की मोसम उघडतो. मालाची मोठी वाहतूक मात्र समुद्र पुरता निवळल्यावर, ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत चाले. या काळात दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो आणि उत्तररात्री जमिनीवरून मतलई वारा सुटतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या जहाजाला पहिला मागून किंवा उजव्या अंगाने मिळतो, दुसरा डाव्या अंगाने, आणि दोन्ही कामाचे असतात. म्हणून तांडेल, म्हणजे जहाज चालवणारा प्रमुख खलाशी, पहाटेच्या मतलईवर खाडीबाहेर पडतो, सकाळी वारा पडतो तेव्हा शीड लोंबते ठेवून वाट पाहतो, आणि दुपारी खारा वारा भरला की खरी मजल मारतो. परतीला हाच वायव्येचा वारा जवळजवळ तोंडावर येतो. मग नागमोडी वळणे घेत, रात्रीची मतलई साधत, किनाऱ्याला चिकटून वर यावे लागते. हिवाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, तेवढी मदत. जाण्याला लागलेल्या दिवसांवरून येण्याचे दिवस कोणी मोजत नसे.

पावसाळ्यात या पाण्याशी वाद घालण्याची किंमत वाफेच्या बोटींनाही द्यावी लागली. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येला, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही प्रवासी बोट किनारा फार लांब नसताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली.

सोबतीने जाण्याची रीत भीतीतून आली आणि सोयीमुळे टिकली. पोर्तुगीज काळात व्यापारी जहाजे एकत्र जमवून लढाऊ नौकांच्या पहाऱ्यात हाकली जात. या तांड्याला काफिला म्हणत. गोव्याहून एक काफिला उत्तरेला खंबायतकडे जाई, दुसरा दक्षिणेला कानडी मुलखातून तांदूळ आणायला. पोर्तुगीजांचा परवाना नसलेले जहाज पकडले जाई. पुढे कान्होजी आंग्रे यांनी हाच हक्क मराठी आरमाराच्या वतीने बजावला आणि इंग्रजांनी त्याला चाचेगिरी ठरवले. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्याने आपला परवाना घ्यावा, ही कान्होजींची मागणी पोर्तुगीजांच्या मागणीपेक्षा वेगळी नव्हती. शिवाय हा किनारा त्यांचा स्वतःचा होता. पहारे संपल्यावरही पडाव जोडीजोडीने निघत राहिले. एकाचे सुकाणू मोडले तर दुसरा दोर टाकतो, आणि अनोळखी खाडीत आधी शिरलेल्याच्या मागोमाग शिरता येते.

दक्षिणप्रवासाचे या किनाऱ्यावरचे एक मोठे उदाहरण १६६५ सालचे आहे. फेब्रुवारीत शिवाजी महाराज मालवणहून ८५ लहान जहाजे आणि ३ मोठी जहाजे घेऊन समुद्रमार्गे निघाले, गोव्याच्या पोर्तुगीजांना ओलांडून थेट आजच्या कर्नाटकातील बसरूरला उतरले आणि ते श्रीमंत बंदर लुटून गोकर्णाला आले. तिथून बहुतेक आरमार परत पाठवून, थोडी जहाजे जवळ ठेवून ते अंकोला व कारवारकडे वळले. महाराजांनी स्वतः केलेली ही एकमेव मोठी सागरी मोहीम. इतिहासात ती लुटीच्या हिशेबात येते. नौकानयनाच्या हिशेबातही तिची नोंद व्हायला हवी. वारा मागचा मिळेल असा महिना निवडणे, एवढा ताफा एकत्र राखणे आणि शत्रूच्या बंदरासमोरून तो पार नेणे, हे त्या आरमारातल्या तांडेलांचे आणि खलाशांचे कर्तृत्व आहे, आणि त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

कोकणची खरी अडचण खाडीच्या तोंडाशी असते. जवळजवळ प्रत्येक मुखावर वाळूचा दांडा पडतो आणि तो पावसाळ्यागणिक जागा बदलतो. मुंबईला उधाणाची भरती-ओहोटी पाच मीटरच्या आसपास खेळते. गोव्याकडे जाता जाता ती दोन मीटरच्या आसपास उतरते. म्हणजे दक्षिणेला जावे तसे भरतीने मिळणारे पाणी कमी होते आणि दांड्यावरून निघण्याचा वेळ आखडतो. तळ जाणण्यासाठी शिडाच्या जहाजांवर दोरीला शिशाचे वजन बांधून सोडतात. वजनाच्या बुडाशी खोबण असते, तिच्यात चरबी भरलेली असते. दोरीवरच्या खुणांवरून खोली कळते. चरबीला चिकटून वर येते ती वाळू, चिखल की शिंपल्यांचा चुरा, यावरून आपण कुठे आहोत आणि नांगर धरेल की घसरेल, हे जाणता तांडेल सांगतो. वेंगुर्ल्यासमोरचे खडक मात्र कोणत्याही वजनाने आधी कळत नाहीत. त्यांना बाहेरून वळसा घालून जायचे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आतल्या खाड्या आणि कालवे जोडून केलेला आडोशाचा जलमार्ग आहे. व्हर्जिनियातील नॉरफोक हा त्याचा शून्य मैल, आणि दर शरद ऋतूत शेकडो शिडाच्या होड्या थंडी चुकवत त्या वाटेने फ्लोरिडाकडे उतरतात. कोकणात तशी आतली वाट नाही: इथल्या खाड्या पूर्व-पश्चिम आहेत, त्या आसरा देतात, रस्ता देत नाहीत. तसा रस्ता हवा तर केरळात जावे लागते. कोल्लम ते कोट्टापुरम हा तिथला जलमार्ग १९९३ साली राष्ट्रीय जलमार्ग ३ म्हणून जाहीर झाला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालवाहू पडावांत इंजिने बसली आणि शीड दुय्यम झाले. त्यानंतर शिडाने जाणे नौदल आणि नौकाक्लबांकडे राहिले. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासूनचा. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’तून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच बेटावर बांधलेल्या ‘तारिणी’तून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये जगाला फेरी घातली.

आज हौशी होडीला या वाटेवर वादळापेक्षा जाळ्यांचा धाक जास्त असतो. मुंबई-रायगडच्या पाण्यात कोळ्यांची डोल जाळी तळाशी खुंटवून लावलेली असतात आणि रात्री त्यांचे तरंगते पिंप दिसत नाहीत. सुकाणूत जाळे अडकले तर होडीचेही नुकसान आणि जाळेवाल्याचेही. म्हणून रात्री निघणारा शहाणा कप्तान कोळ्यांना आधी विचारतो आणि त्यांनी दाखवलेल्या खोलीच्या बाहेरून होडी नेतो.