५०,००० रोपं कशासाठी?

मक्याच्या एका कणसावर शेकडो दाणे असतात. मेक्सिकोतल्या टिओसिंटे या रानगवताच्या कणसात जेमतेम ५ ते १२, तेही एकेक टणक कवचात बंद. हे गवत मक्याचं पूर्वज असेल यावर विश्वास कसा बसणार? १९३० च्या दशकात पॉल मँगल्सडॉर्फ यांचं म्हणणं होतं, मक्याचा खरा रानटी पूर्वज नामशेष झालाय. जॉर्ज बीडल यांना मात्र टिओसिंटेच पूर्वज वाटत होतं. दोघांचा संकर सहज होतो, हे त्यांनी विद्यार्थीदशेतच पाहिलं होतं.

पुढे बीडल बुरशीच्या जनुकांकडे वळले, १९५८ मध्ये नोबेल मिळालं. पण प्रश्न डोक्यात राहिलाच. १९६८ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी मका आणि टिओसिंटे यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीची सुमारे ५०,००० रोपं मेक्सिकोत वाढवली.

एवढी का? गणित साधं आहे. फरक एकाच जनुकाचा असेल, तर दुसऱ्या पिढीत ४ पैकी १ रोप हुबेहूब मक्यासारखं निघेल. ४ जनुकं असतील तर २५६ पैकी १, ५ असतील तर १,०२४ पैकी १. आणि २० असतील तर? साधारण एक लाख कोटींत १, म्हणजे कधीच दिसणार नाही. शंभर-दोनशे रोपं लावून हा फरक कळलाच नसता.

बीडलना साधारण दर ५०० रोपांत एक मक्यासारखं आणि एक टिओसिंटेसारखं मिळालं. म्हणजे मोठा परिणाम करणारी जनुकं चार-पाचच!

पुढे जॉन डोब्ली यांच्या गटाने त्यातलं एक, टीबी-१, शोधून काढलं. फांद्या फुटणं आवरणारं हे जनुक टिओसिंटेतही आहे. मक्यात ते जास्त जोमाने काम करतं इतकंच. त्याला कारण ठरलेला डीएनएचा तुकडा शेती सुरू होण्याआधीपासूनच काही रानटी झाडांमध्ये होता. सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी नवं जनुक घडवलं नाही. असलेल्यातून निवडलं, पिढ्यान् पिढ्या.

प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा 'नमुने किती घ्यायचे?' हा प्रश्न गाईडवर किंवा जुन्या थिसिसवर सोडू नका. तुमचं गृहीतक चुकीचं असेल तर काय दिसेल आणि बरोबर असेल तर काय, हे आधी कागदावर मांडा. आकडा त्यातूनच येतो.