कानातला आवाज

२००३च्या मे महिन्यात माझा भाचा घराच्या जिन्यावरून खाली पडला. वय वर्षं चार. जिन्याला कठडा नव्हता, खाली शहाबादी फरशी होती. पहिले पाच दिवस तो शुद्धीवर नव्हता. अकराव्या दिवशी घरी आला तेव्हा चालत होता, बोलत होता, आजीला ओळखत होता. सुटी देताना डॉक्टर म्हणाले, "लहान आहे, भरून येईल." आम्ही पेढे वाटले.

महिन्याभरात तो ताटं भिरकावू लागला. चावायचा. चप्पल घाल, डबा घे, दार लाव, असं एका दमात सांगितलं तर चप्पल घालून तिथेच उभा राहायचा आणि कुणी ओरडलं की डोकं आपटून घ्यायचा. आई म्हणाली, "आजारपणात सुनेनं फार लाड केले." शेजारणी म्हणाल्या, आमच्याकडे असतं तर दोन दिवसांत सरळ झालं असतं. आणि मी, सुट्टीत माहेरी आलेली शिकलेली नणंद, म्हणाले, "वहिनी, जरा धाक दाखवा की." वहिनी काही बोलली नाही. तिचं ते गप्प राहणं माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

मी भाषांतराची कामं करते. बऱ्याच वर्षांनी मुलांच्या मेंदूला होणाऱ्या इजांवरचा एक मजकूर माझ्याकडे आला आणि त्यात मला आमचं घर दिसलं. मग मी मागे मागे वाचत गेले. अशा मुलांच्या आईबापांशी आजवर कोण, काय आणि कुठल्या सुरात बोललं, याचा तो इतिहास आहे.

सुरुवात त्या "भरून येईल"पासूनच करायला हवी. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मार्गारेट केनार्ड या संशोधिकेने माकडांवर प्रयोग केले. मेंदूचा हालचालींशी संबंधित भाग काढला, तर मोठ्या माकडांपेक्षा पिल्लं लवकर सावरतात असं त्यांना दिसलं. पुढे यातूनच 'केनार्ड तत्त्व' रूढ झालं: इजा जितक्या लहान वयात, तितकी ती भरून येण्याची शक्यता जास्त. खुद्द केनार्डबाई इतक्या ठाम नव्हत्या. काही पिल्लांमधले दोष वय वाढेल तसे दिसू लागतात, हेही त्यांनीच नोंदवलं होतं. पण दिलासा देणारा अर्धा भाग तेवढा लोकांच्या लक्षात राहिला.

नंतरच्या काळात, विशेषतः मेलबर्नच्या विकी अँडरसन यांच्या गटाने, मुलांचा वर्षानुवर्षं माग काढला तेव्हा चित्र उलटं निघालं. डोक्याला जबर मार बसलेल्या मुलांमध्ये अगदी लहानपणी मार बसलेल्यांची पुढची वाटचाल बरेचदा जास्त अवघड होती. कारण समजायला सोपं आहे. बांधून झालेल्या घराची भिंत पडली तर लगेच दिसते. पायाला तडा गेला असेल तर तो मजले चढवताना कळतो. लक्ष देणं, राग आवरणं, पुढचा विचार करणं या गोष्टी चार वर्षांच्या मुलात अजून बांधायच्याच असतात. म्हणून मूल घरी येतं तेव्हा बरं दिसतं आणि तक्रारी नंतर सुरू होतात. तोवर जिन्याची गोष्ट मागे पडलेली असते आणि समोर असते फक्त आई.

लंडनमध्ये मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याला मार बसलेल्या मुलांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८१मध्ये प्रसिद्ध झाले. जबर मार बसलेल्या मुलांत वागणुकीच्या नव्या अडचणी लक्षणीय प्रमाणात उद्भवतात, म्हणजे तो नुसता हट्ट नसतो, हे त्यातून पुढे आलं. दुसरी गोष्ट अशी, की घरातली परिस्थिती आधीच ओढगस्तीची असेल तर या अडचणी वाढतात. ही दुसरी गोष्ट फार जपून ऐकावी लागते. घराचा परिणाम होतो, याचा अर्थ घराचा दोष आहे असा होत नाही. पण ऐकणाऱ्याला, त्यातही आईला, तो तसाच ऐकू येतो.

आईच्या अपराधीपणावर उभी राहिलेली उपचारपद्धतही या इतिहासात आहे. फिलाडेल्फियात ग्लेन डोमन आणि कार्ल डेलाकाटो यांनी १९५०च्या दशकात एक पद्धत सुरू केली. मुलाला टेबलावर पालथं झोपवायचं आणि तीन ते पाच माणसांनी त्याचे हातपाय आणि डोकं रांगण्याच्या ठरावीक लयीत हलवायचं. दिवसातून अनेक वेळा, आठवड्याचे सातही दिवस. त्यासाठी शेजारीपाजारी पाळ्या लावत. १९७४मध्ये डोमन यांचं पालकांसाठीचं पुस्तक आलं आणि खूप खपलं. मेंदूला इजा झालेल्या मुलाचे उत्तम डॉक्टर त्याचे आईवडीलच, हा त्यांचा संदेश कुणालाही आवडेल असाच होता. पण या पद्धतीचा फायदा सिद्ध झालेला नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६८पासून वारंवार सांगितलं. त्यांचा आक्षेप फक्त खर्चाला आणि वेळेला नव्हता. मूल सुधारलं नाही तर आपण कमी पडलो, असं आईबापांना वाटत राहतं, हाही होता. आमच्याकडे डोमन कुणी वाचला नव्हता. तरी त्या टेबलाचं वर्णन वाचताना मला वहिनीच आठवली. तिलाही सगळं तूच करायचंस असं सांगितलं होतं. कसं करायचं ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

'कसं' सांगणाऱ्यांची परंपरा वेगळी आहे आणि ती मेंदूच्या इजेपासून सुरू होत नाही. हॉलिवूडचे नट स्पेन्सर ट्रेसी यांचा मुलगा जॉन जन्मापासून बहिरा होता. त्याची आई लुईझ ट्रेसी यांनी १९४२मध्ये लॉस एंजेलिसला जॉनच्या नावाने क्लिनिक काढलं आणि पुढच्याच वर्षी बहिऱ्या मुलांच्या आईबापांसाठी टपालाने शिकवणी सुरू केली. ती फुकट होती आणि जगभरातल्या पालकांसाठी खुली होती. तज्ज्ञ दूर, आई घरी, मध्ये पोस्टमन. इंटरनेटवरून पालकांना आज जी मदत मिळते, तिची खरी आजी म्हणजे ही टपाल शिकवणी.

दुसरा धागा ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडचा. १९६०च्या दशकात तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात कॉन्स्टन्स हॅन्फ या मानसतज्ज्ञ अपंग मुलांच्या आयांबरोबर काम करत होत्या. आई आणि मूल एका खोलीत खेळत. पलीकडे एकाच बाजूने दिसणारी काच. काचेमागून हॅन्फ पाहत आणि आईच्या कानात बसवलेल्या छोट्या यंत्रातून तिच्याशी बोलत. आधी नुसतं मुलाच्या कलाने खेळायचं, मग सूचना द्यायला शिकायचं, असे दोन टप्पे होते. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात यावरून एक रीतसर उपचारपद्धत बांधली. रोज पाच मिनिटं मुलाबरोबर खेळा. त्या वेळात हुकूम नाही, उलटतपासणी नाही, टोमणा नाही. मूल काय करतंय ते बोलून दाखवा: तू निळा ठोकळा वर ठेवलास. जे बरं केलं त्याचं नेमकं कौतुक करा. नंतरच्या टप्प्यात सूचना द्यायची ती एका वेळी एकच, स्पष्ट आणि साधी.

एका वेळी एकच. मी ते वाक्य भाषांतरासाठी वाचलं आणि काम बंद करून उठले. चप्पल, डबा आणि दार मला एकदम आठवलं.

हे दोन धागे एकत्र आणले ते ओहायोतल्या सिनसिनाटीच्या बाल रुग्णालयात शॅरी वेड यांनी. डोक्याला मार बसलेली मुलं लांब लांब राहणारी; आठवड्याला एकदा क्लिनिक गाठणं बहुतेक घरांना न परवडणारं. या शतकाच्या सुरुवातीला वेड यांच्या गटाने ज्या घरांत संगणक नव्हते तिथे संगणक, वेबकॅम आणि जोडणी पोचवली. पुढे तीन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या आईबापांसाठी खास कार्यक्रम आखला. आधी पालकांनी धडे स्वतः वाचायचे, चित्रफिती पाहायच्या, मग ठरल्या वेळी तज्ज्ञाशी कॅमेऱ्यावर बोलायचं. मूल स्वतःच्याच घरात खेळतंय, आईच्या कानात इअरफोन आहे आणि दूरच्या गावाहून तज्ज्ञ तिला हळूच सांगतेय: आत्ता त्याने थाळी नीट खाली ठेवली, तेवढं म्हणा. मार बसल्यावर मुलाची आठवण आणि राग का बदलतो, हेही त्यात समजावलेलं होतं आणि आईबापांनी स्वतःचा ताण कसा हलका करावा, हेसुद्धा.

चाचण्यांत जादू दिसली नाही. मुलांशी बोलण्याची पालकांची रीत बदलली, हे स्पष्ट दिसलं. मुलांच्या वागण्यातला फरक मात्र सगळीकडे सारखा नव्हता. कमी उत्पन्नाच्या घरांत तो जास्त जाणवला. मला यात नवल वाटत नाही. जिथे मदत कधी पोचलीच नव्हती, तिथे ती पोचल्याचा फरक पडणारच.

भाचा आता काकाच्या पिठाच्या गिरणीत बसतो. हिशेब वहीत लिहून ठेवतो, कारण लक्षात राहत नाही. गर्दी झाली की चिडतो. मग काका त्याला चहा आणायला पाठवतो. वहिनीने हे सगळं एकटीने, चुकतमाकत शोधून काढलं. दाराशी उभं राहून ती त्याला फक्त "चप्पल" म्हणायची. ती घातली की "डबा". सून मुलाशीसुद्धा तोलूनमापून बोलते, म्हणून आई हसायची.

मागच्या दिवाळीत मी वहिनीला हॅन्फबाईंची काच आणि कानातलं यंत्र समजावून सांगितलं. तिने करंजीची कड दुमडता दुमडता ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे कानात कुणी ओरडत नव्हतं?"

नाही, म्हटलं.

"मग जमलं असेल त्यांना," ती म्हणाली.

मी वीस वर्षांपूर्वीच्या त्या वाक्याबद्दल माफी मागितली. तिला ते आठवत होतं. "तुम्ही एकट्या नव्हतात," एवढंच म्हणाली आणि पुढची लाटी माझ्याकडे सरकवली.