आपली बॅच दहावीचीच का?

स्नेहमेळाव्यासाठी सुट्टी टाकली, तेव्हा बंगळुरूच्या ऑफिसातल्या तमिळ सहकारिणीने विचारलं, "दहावीची बॅच? मग बारावी कुठे केलीस?" तिच्या लेखी शाळा बारावीला संपते. आपण दहावीच्या निरोप समारंभात रडून घेतलं आणि सुट्टी संपताच कॉलेजात गेलो.

हे असं का, ते शोधत बसले. पूर्वी आपल्याकडे अकरावीची मॅट्रिक होती. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये दहा अधिक दोन अधिक तीन असा आराखडा सुचवला आणि त्यानुसार महाराष्ट्रात पहिली नवी दहावी मार्च १९७५ मध्ये झाली. जुन्या अकरावीची मुलंही त्याच वर्षी परीक्षेला बसली. (आपल्या काही सर-बाईंना तो गोंधळ आठवत असेल!)

मधली दोन वर्षं शाळेत असावीत, असं आयोगाचं मत होतं. पण शिक्षण तेव्हा राज्यांच्या हाती. समवर्ती सूचीत ते गेलं १९७६ च्या घटनादुरुस्तीने. मग ज्याने त्याने आपापलं जमवलं. तमिळनाडूने १९७८ मध्ये अकरावी-बारावी शाळांना जोडली. कर्नाटकात पीयूसीची वेगळी कॉलेजं. गुजरात १९६० पर्यंत आपल्याच मुंबई राज्यात होता, तरी आपल्या नाशिकहून सापुताऱ्याचा घाट उतरून डांगात गेलं की अकरावी उच्च माध्यमिक शाळेत भरते. आपल्याकडे मात्र 'ज्युनिअर कॉलेज'. काही शाळांना जोडलेली, बरीचशी मोठ्या कॉलेजांच्या आवारात. तिथे प्रयोगशाळा तयार होत्या, हे कारण माझ्यातल्या इंजिनिअरला पटतं.

पण माझ्या बाकावर बसणारी, एसटीने गावाहून येणारी मैत्रीण आठवते. गणितात ती माझ्या पुढे. निकालानंतर तिचे वडील म्हणाले, "शाळेत पाठवलं, पण कॉलेजात नाही पाठवायचं पोरीला." अभ्यासक्रम तोच, वय तेच, एसटीही तीच, फक्त दारावरची पाटी बदलली होती. मी आरवायकेला सायन्सला गेले. तिचं पुढच्या वर्षी लग्न झालं. घाटापलीकडे जन्मली असती तर तिच्या वडिलांनी आणखी दोन वर्षं 'शाळेतच' पाठवलं असतं का, हे मला सांगता येत नाही, पण हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

२०२० च्या राष्ट्रीय धोरणात नववी ते बारावी हा एकच टप्पा धरला आहे. ते तिला फोनवर सांगितलं. तिने नुसतं "हो का" म्हटलं, आणि विचारलं, "गणिताच्या बाई येणार आहेत ना?"