दहा सेकंदांचा न्याय

२५ मार्च २०१२ रोजी मलेशियातल्या सेपांगच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनमधल्या भारतीय चालकाला, नरेन कार्तिकेयनला, वीस सेकंदांची शिक्षा झाली. त्याची एचआरटी संघाची गाडी त्या वर्षीच्या सगळ्यांत मंद गाड्यांपैकी एक. तरीही पावसाचा अंदाज बरोबर ठरला आणि शर्यत थांबवली गेली तेव्हा तो चक्क दहाव्या क्रमांकावर होता. पुढे ट्रॅक वाळला आणि वेगवान गाड्या त्याला गाठू लागल्या. शेवटच्या टप्प्यात जगज्जेता सेबास्टियन वेटेल त्याला एका फेरीने मागे टाकत असताना दोन्ही गाड्या घासल्या. वेटेलचं मागचं टायर फाटलं, चौथा क्रमांक गेला आणि तो अकरावा आला. शर्यतीनंतर त्याने कार्तिकेयनला जाहीरपणे मूर्ख म्हटलं. पंचांनी सगळा दोष कार्तिकेयनवर टाकला. तो आधीच जवळपास शेवटचा होता, त्यामुळे वीस सेकंदांनी त्याचं फारसं बिघडलं नाही. पण कागदोपत्री गुन्हेगार तोच ठरला. माझ्या मते त्या धडकेचा निम्मा दोष वेटेलचा होता. पुढे गेल्यावर तो लगेच ट्रॅकच्या त्याच बाजूला परतला.

सुरतेत फॉर्म्युला वनचा ट्रॅक नाही. तरी युरोपातली शर्यत बहुतेक वेळा आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होते, आणि उधना-लिंबायतकडच्या मराठी मुलांच्या फोनवर ती दिसते. शर्यत संपली की त्यांच्यात वाद होतो तो वेगावर कमी आणि शिक्षेवर जास्त. याला पाच सेकंद, त्याला दहा आणि तिसऱ्याला काहीच कसं नाही? हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

सुरुवातीला शिक्षेची गरजच कुणाला वाटत नव्हती. १९०३ची पॅरिस ते माद्रिद शर्यत इतके बळी घेत गेली की ती बोर्दोलाच थांबवावी लागली. रस्ताच इतका जीवघेणा असताना मुद्दाम दुसऱ्याला धडक देणं म्हणजे स्वतःचं मरण ओढवून घेणं होतं. त्यामुळे चालकाचं वागणं त्याच्या अब्रूवर सोडलेलं असे. या काळाचं सगळ्यांत सुंदर उदाहरण १९५८चं, पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातलं. शेवटच्या टप्प्यात माइक हॉथॉर्नची गाडी गर्रकन फिरून बंद पडली. ती पुन्हा सुरू करताना त्याने शर्यतीच्या उलट दिशेने गाडी नेली असा आक्षेप निघाला, आणि त्याचा दुसरा क्रमांक जाण्याची वेळ आली. तेव्हा ती शर्यत जिंकलेला स्टर्लिंग मॉस त्याच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. हॉथॉर्न पदपथावर होता, ट्रॅकवर नव्हता, असं त्याने सांगितलं आणि हॉथॉर्नचे गुण वाचले. हंगाम संपला तेव्हा हॉथॉर्नचे ४२ गुण होते, मॉसचे ४१. त्या वर्षी मॉसने चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एकच. मॉस आयुष्यात कधीच जगज्जेता झाला नाही.

ही व्यवस्था उदात्त होती, पण ती मॉससारख्या माणसांवर उभी होती. चालकांनीच न्याय करायचा ठरवलं की काय होतं, ते १९७८ला मोंझात दिसलं. सुरुवातीच्याच गर्दीत अनेक गाड्या आदळल्या आणि रॉनी पीटरसन दुसऱ्या दिवशी गेला. सहकाऱ्यांनी तरुण रिकार्डो पात्रेसेवर ठपका ठेवला आणि त्याला पुढच्या अमेरिकेतल्या शर्यतीत उतरू दिलं नाही. पुढे इटलीच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. मागच्या गाड्या पुरत्या थांबण्याआधीच सुरुवातीचा इशारा दिला गेला होता. पण दुःखात असलेल्या माणसांना तेव्हा कुणीतरी दोषी हवा होता.

मग न्याय मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या हाती गेला, आणि त्याबरोबर राजकारणही आलं. १९८९ला जपानच्या सुझुका ट्रॅकवर आयर्टन सेना आणि अलँ प्रॉस्ट एकमेकांत अडकले. सेना पुन्हा ट्रॅकवर आला आणि जिंकला, पण वळण चुकवून आत शिरला म्हणून त्याला बाद केलं गेलं. वर एक लाख डॉलरचा दंड झाला. संघटनेचे अध्यक्ष बालेस्त्र फ्रेंच, प्रॉस्टही फ्रेंच, म्हणून सेनाने पक्षपाताचा उघड आरोप केला. पुढच्या वर्षी त्याच ट्रॅकवर पहिल्याच वळणावर सेनाने प्रॉस्टला धडक दिली आणि विजेतेपद घेतलं. वर्षभराने त्याने हे मुद्दाम केल्याचं स्वतःच सांगितलं. त्या धडकेबद्दल शिक्षा मात्र शून्य. माझा सेनावर जीव आहे, तरीही हा त्या खेळावरचा डाग आहे. अन्याय झालेल्या माणसाला परस्पर सूड उगवू दिला, की नियमाचं वजन संपतं. १९९४ला अ‍ॅडलेडमध्ये मायकेल शूमाकर आणि डेमन हिलच्या धडकेनंतर शूमाकर एका गुणाने जगज्जेता झाला, तेव्हाही कुणी काही केलं नाही. १९९७ला हेरेसमध्ये त्याने जाक व्हिलनव्हच्या गाडीवर आपली गाडी घातली. धडक फसली, आणि मगच संघटनेने त्याला पूर्ण हंगामाच्या क्रमवारीतून वगळलं.

या कहाणीत मुंबईही आहे. १९८० साली हिमालयन रॅली सुरू करणारे मुंबईचे नझीर हुसेन जागतिक संघटनेत मानाच्या जागेवर पोचले होते. १२ जुलै १९९८ला सिल्व्हरस्टोनच्या तीन पंचांत ते होते. सेफ्टी कार ट्रॅकवर असताना, म्हणजे कुणालाही मागे टाकायला मनाई असताना, शूमाकरने एका गाडीला मागे टाकलं. शिक्षा योग्यच होती, पण ती संघाला कळवायची मुदत पंचवीस मिनिटांची, आणि कळवली गेली एकतीस मिनिटांनी. हाताने लिहिलेल्या कागदावर कोणती शिक्षा दिली आहे, हेही स्पष्ट नव्हतं. फेरारीने शूमाकरला शेवटच्या फेरीत पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबतात त्या बाजूच्या रस्त्यावर, आणलं. अंतिम रेषा पिटच्या रस्त्यावरूनही जाते, त्यामुळे शिक्षा भोगण्याआधीच तो ती ओलांडून जिंकला. मॅक्लारेनचं अपील फेटाळलं गेलं आणि तिन्ही पंचांना परवाने परत करावे लागले. गुन्हा नीट ओळखूनही वेळ आणि कागद चुकला की न्याय हातातून कसा निसटतो, हे सगळ्या जगाने तेव्हा पाहिलं.

त्यानंतर शिक्षेचं दरपत्रक तयार होत गेलं. २००२ला पिटमधून न थांबता हळू जाण्याची शिक्षा आली. पहिल्याच भारतीय ग्रां प्रीत, ३० ऑक्टोबर २०११ला ग्रेटर नोएडात, लुइस हॅमिल्टनशी झालेल्या टकरीबद्दल फेलिपे मासाला तीच मिळाली. २०१०पासून पंचांत एक माजी चालक बसू लागला. २०१४ला पाच सेकंदांची शिक्षा आली आणि चालकाच्या परवान्यावर दंडाचे गुणही लागू झाले. बारा महिन्यांत असे बारा गुण झाले की एका शर्यतीची बंदी.

दरपत्रकाने पंचांच्या लहरीला लगाम बसला, हे मी मनापासून मानतो. पण दोन दोष राहिले. पहिला, कृत्य तोलायचं की परिणाम? २०१२ला बेल्जियममध्ये रोमां ग्रोजाँने सुरुवातीलाच मोठा अपघात घडवला आणि त्याला एका शर्यतीची बंदी मिळाली. विजेतेपदाच्या आघाडीच्या दावेदारांना त्याने शर्यतीबाहेर काढलं, हे कारण पंचांनी निकालपत्रातच लिहिलं. म्हणजे तीच चूक मागच्या गाड्यांत झाली असती तर शिक्षा हलकी झाली असती का? सेपांगला कार्तिकेयनसमोर जगज्जेत्याऐवजी दुसराच कुणी असता, तर वीस सेकंद झाले असते का? मला शंका आहे.

दुसरा दोष अधिक खोल आहे. सुरतेत सिग्नल तोडला की घरी मेमो येतो. त्या रकमेत लूमवर काम करणाऱ्याची दिवसाची कमाई जाते, हिऱ्याच्या व्यापाऱ्याला ती जाणवतही नाही. दहा सेकंदांचंही तसंच आहे. १८ जुलै २०२१ला सिल्व्हरस्टोनच्या पहिल्याच फेरीत हॅमिल्टनच्या धक्क्याने मॅक्स व्हर्स्टाप्पन भिंतीवर आदळला. आघात ५१ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या एक्कावन्न पट होता, त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. हॅमिल्टनला दहा सेकंद मिळाले. ते भोगूनही तो जिंकला, कारण गाडी तेवढी वेगवान होती. २०२४ला जेद्दाहमध्ये हास संघाच्या केव्हिन मॅग्नुसनला दोनदा दहा-दहा सेकंद झाले. आता आपल्याला गुण मिळणार नाहीत हे ओळखून त्याने मागच्यांना अडवून धरलं आणि सहकारी ह्युल्केनबर्गला एक गुण मिळवून दिला. शिक्षाच संघाचं हत्यार झाली. त्याच वर्षी मोंझात पिएर गॅसलीशी किरकोळ टक्कर झाली आणि मॅग्नुसनचे दंडाचे बारा गुण भरले. ही शिक्षा रद्द व्हावी असं खुद्द गॅसलीच म्हणाला, तरी मॅग्नुसन बाकूच्या शर्यतीला मुकला. जेद्दाहचा डाव पचला, मोंझाची चूक भोवली.

म्हणून माझं मत असं आहे. दोष ठरवताना फक्त कृत्य पाहावं. समोर कोण होता आणि त्याचं किती गेलं, हे पाहू नये. शिक्षा सेकंदांत न देता जागांत द्यावी. पाच जागा म्हणजे पाच जागा, गाडी मर्सिडीजची असो वा हासची. शेवटी धावणाऱ्याच्या जागा उरल्या नसतील, तर त्या पुढच्या शर्यतीच्या सुरुवातीच्या क्रमात वसूल कराव्यात. आणि दर शर्यतीला नवे पंच आणण्याऐवजी पूर्ण हंगाम तेच पगारी पंच ठेवावेत. एवढा पैसा या खेळात नक्कीच आहे.