आळस नव्हे, आजार

छिन्नमनस्कता म्हटले की भास, संशय आणि असंबद्ध बोलणे एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. या आजाराची दुसरी, मूक बाजू मात्र सहसा ध्यानी येत नाही. वास्तविक जर्मन वैद्य एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच रुग्णाच्या इच्छाशक्तीच्या ऱ्हासावर बोट ठेवले होते. आजाराला आजचे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली दिले. बोलणे आटणे, चेहऱ्यावर भाव न उमटणे, कशातच उत्साह न वाटणे यांना 'ऋण लक्षणे' म्हणतात. काम ठरविणे, त्याचा क्रम लावणे व ते तडीस नेणे ही क्षमताही पुष्कळदा उणावते. औषधांनी भास बरेच आवरतात. ही उणीव तितकी भरून निघत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९६०च्या दशकात नऊ देशांत या आजाराची पाहणी आरंभिली. भारतातून आग्रा हे केंद्र होते. आजार सर्वत्र आढळला. परंतु पुढील वर्षांत आग्रा व नायजेरियातील इबादान येथील रुग्णांची प्रगती पाश्चात्त्य केंद्रांहून चांगली दिसली. कुटुंबाचा आधार हे एक कारण सांगितले गेले. या निष्कर्षावर पुढे अभ्यासकांनी आक्षेपही घेतले.

आपल्या बडोद्यातील जुने वाडे आठवले, तर या आधाराचे स्वरूप कळते. उठण्याची वेळ, पूजेची फुले, पंगतीतील पान, सारा क्रम घरानेच लावलेला असे. रुग्णाला जे नियोजन जमत नसे, ते घर करी. त्याचा निभाव लागे. पण 'आळशी' हा शिक्काही बसे आणि भार बहुधा घरातील स्त्रिया वाहत. १९६५ साली कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. पाळ्यांची नोकरी आणि विभक्त बिऱ्हाडे आली. अशा घरात दिवस ज्याचा त्यालाच आखावा लागतो. म्हणून झाकलेली उणीव उघडी पडते.

कॅनडातील कॅल्गरी येथे प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली. २००४ साली सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' चित्रपटाने हा विषय मराठी घरांत पोहोचविला.

वाडे आता परत येणार नाहीत. परंतु त्यांनी नकळत केलेले काम आपण जाणून करू शकतो. वेळीच तज्ज्ञाकडे जावे, औषध चालू ठेवावे, दिवसाचा क्रम ठरवून द्यावा आणि एका वेळी एकच लहान काम सांगावे. गप्प बसलेल्या मुलास दूषण देण्यापूर्वी त्याचे मौन हेही लक्षण असू शकते, एवढे ध्यानी असावे.