बंद डब्यात काय आहे? ऑइल फिल्टरची शंभर वर्षं आणि आपली खान्देशची गाडी

तुम्ही आत्ता एसटीच्या खिडकीत बसून हेडफोन लावले असतील, नाहीतर धुळ्यात चहाच्या टपरीवर उभे असाल. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी हा एपिसोड इथे लिहून काढलाय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, सांभाळून घ्या.

विषय ऐकून तुम्ही म्हणाल, काय भो, इतिहासाच्या पॉडकास्टवर ऑइल फिल्टर? लढाया संपल्या का? नाही संपल्या. पण ही एक लढाई आमच्या घरात झाली होती, आणि ती आम्ही हरलो होतो. तिथूनच सुरू करतो.

माझे वडील चोपडा-यावल रस्त्यावर काळी-पिवळी चालवायचे. डिझेल जीप. आत किती माणसं बसायची ते विचारू नका, आपल्याकडच्यांना माहीत आहे. मे महिना होता, बाजाराचा दिवस होता. किनगाव सोडलं आणि डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा लागला. गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन खडखड वाजायला लागलं आणि मग जाम झालं. मिस्त्रीने इंजिन उतरवलं. बेरिंग खलास, क्रँकवर चरे. मग त्याने फिल्टरचा डबा काढला आणि हॅक्सॉ ब्लेडने आडवा कापला. आतला कागद कडेपासून सुटून गोळा झाला होता आणि त्याचे तुकडे तेलाच्या वाटेत जाऊन बसले होते. बाहेरून डबा अगदी नवा, चकचकीत, नामांकित कंपनीच्या रंगाचा. पण होता डुप्लिकेट. वाचवले होते थोडेसे रुपये. इंजिन बांधायला आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

मी तेव्हा सातवीत होतो. तो कापलेला डबा बरीच वर्षं आमच्या पडवीत पडून होता. एक प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. वडील काही अडाणी नव्हते, वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस. मग त्यांना कळलं कसं नाही? उत्तर शोधायला गेलो तेव्हा हा सगळा इतिहास सापडला.

आधी दोन मिनिटं साधी गोष्ट. इंजिनात धातूवर धातू थेट घासत नाही, मध्ये तेलाचा पातळ थर असतो. बेरिंगमध्ये तो थर काही मायक्रॉनचाच. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. ४० मायक्रॉनपेक्षा बारीक कण आपल्या डोळ्याला दिसतच नाही. म्हणजे इंजिन खाणारी धूळ आपल्याला दिसत नाही. शिवाय जळलेल्या डिझेलची काजळी असते, झिजलेल्या धातूचा चुरा असतो. हे सगळं तेलातच फिरतं.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात यावर उपाय एकच होता, तेल वारंवार बदला. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला ऑइल फिल्टर नव्हता. तेलाचा पंपसुद्धा नव्हता. फिरणारे भाग तेल उडवायचे आणि ते जिथे पडेल तिथे पडेल. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड नावाच्या माणसाने मोटारीसाठी ऑइल फिल्टर तयार केला. हा गडी मूळचा कारखान्यांत द्रव गाळायची यंत्रं बनवणारा. फिल्टरचं नाव ठेवलं प्युरोलेटर. ‘प्युअर ऑइल लेटर’, म्हणजे ‘नंतर शुद्ध तेल’, या शब्दांवरून ते जुळवलेलं. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, क्रायस्लरच्या पहिल्या गाडीत तो दिसला.

पण तो फिल्टर आजच्यासारखा नव्हता. पंपातून निघालेल्या तेलातला थोडाच भाग फिल्टरमधून जायचा, बाकीचं तेल तसंच इंजिनात. फेऱ्या होत होत हळूहळू सगळं तेल गाळलं जाईल, असा हिशोब. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला बाजूला असा एक डबा असायचा. ही जीप आपल्याला परकी नाही. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे पोलीस, सरकारी खातं, बागायतदार, सगळ्यांच्या दारात जीप आली.

त्याच काळात आपल्याकडे शेतात डिझेल इंजिनं येत होती. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली सुरू झाली. माझ्या आजोबांच्या केळीच्या मळ्यात विहिरीवर असंच एक इंजिन होतं. आजोबा तेल ओतताना नरसाळ्यावर मलमलचं फडकं धरायचे. आत एक जाळी. ‘तेल पाहून ओतायचं, पाहून काढायचं,’ असं ते म्हणायचे. जुनं तेल बोटावर घेऊन चोळायचे, खर लागली की समजायचे. लक्षात ठेवा, इथे सगळं ‘पाहून’ आहे.

आता धुळ्याकडे चला. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरतेहून जळगाव, नागपूरकडे जाणारा रस्ता धुळ्यात एकमेकांना छेदतात. जुन्या नंबरांनी हायवे ३ आणि हायवे ६. १९५४ पासून टाटांचे मर्सिडीज-बेन्झच्या धर्तीचे ट्रक देशात बनायला लागले आणि या रस्त्यांवर ट्रकांची रांग लागली. जिथे रस्ते मिळतात तिथे ढाबे येतात, टायरवाले येतात, मिस्त्री येतात. त्या काळच्या बहुतेक मोठ्या गाड्यांचा फिल्टर म्हणजे एक लोखंडी भांडं. मधला बोल्ट सोडायचा, भांडं खाली काढायचं, आतला एलिमेंट बाहेर घ्यायचा. भांडं डिझेलने धुवायचं, नवा एलिमेंट घालायचा, वॉशर बदलायचा. हात काळे व्हायचे. पण मिस्त्री नवा एलिमेंट हातात धरून बघू शकत होता. घड्या नीट आहेत का, कागद चिकटलाय का, कड मजबूत आहे का.

चाळीस-पन्नासच्या दशकांत दोन बदल झाले. एक, तेलच बदललं. धुणारी रसायनं असलेलं नवं तेल आलं. जुन्या तेलात घाण चेंबरच्या तळाशी बसायची, नवं तेल ती आपल्याबरोबर तरंगत ठेवतं. म्हणून आजचं तेल लवकर काळं दिसतं, आणि म्हणूनच ते गाळणंही जास्त गरजेचं झालं. दोन, ‘फुल फ्लो’ फिल्टर रुळला. आता पंपातलं सगळं तेल आधी फिल्टरमधून जाणार, मग इंजिनाकडे.

हे समजायला जळगावच्या पोराला पुस्तक नको. जैन इरिगेशन ही कंपनी १९८६ सालची, आणि आज आपल्या केळीच्या बागांत ठिबक नाही असं शिवार शोधावं लागतं. ठिबकच्या फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे प्रेशर गेज असतात. दोघांतला फरक वाढला की फिल्टर तुंबला, धुवा. नाही धुतला तर ठिबक बंद पडतं आणि झाड सांगतं. इंजिनाचं तसं नाही. तेल बंद पडलं तर काही मिनिटांत खेळ खलास. म्हणून फुल फ्लो फिल्टरच्या व्यवस्थेत बायपास व्हॉल्व्ह असतो, कधी डब्यातच, कधी इंजिनात. फिल्टर तुंबला की तो उघडतो आणि न गाळलेलं तेल सरळ आत सोडतो. तेल नसण्यापेक्षा घाण तेल बरं, हा त्याचा न्याय. गंमत अशी की हे घडतं तेव्हा तुम्हाला काहीच कळत नाही. दिवा लागत नाही, आवाज येत नाही. इंजिन गुपचूप झिजत राहतं.

मग १९५४ साली अमेरिकेत विक्स कंपनीने फिरवून लावायचा फिल्टर आणला. एलिमेंट, भांडं, रबर, सगळं एका बंद डब्यात. जुना फिरवून काढा, नवा फिरवून लावा, पाच मिनिटांत काम. आपल्याकडे ही सोय घरोघरी पोचवली ती मुख्यतः मारुती ८०० ने. तिची पहिली गाडी १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आली.

माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. डबा बंद झाला आणि पाहणं संपलं. आजोबा फडक्यातून पाहत होते, धुळ्याचा मिस्त्री एलिमेंट हातात धरून पाहत होता. वडिलांच्या हातात आला तो फक्त रंगवलेला पत्रा. आत घड्या किती, डिंक कसला, व्हॉल्व्ह आहे की नाही, काही दिसत नाही. नकली माल बनवणाऱ्याला हेच हवं होतं. त्याला फक्त रंग आणि खोका जमवायचा असतो.

दुचाकीवाल्यांची कथा वेगळी. १९७२ साली आलेल्या लुना आणि चेतकमध्ये तेल पेट्रोलमध्ये मिसळून जळायचं, फिल्टरचा प्रश्नच नाही. १९८५ची हिरो होंडा सीडी १०० फोर-स्ट्रोक होती, पण तिच्यात कागदी फिल्टर नव्हता. एक जाळी, आणि क्रँकबरोबर गरागरा फिरणारी एक वाटी. ताक घुसळताना लोणी जसं वेगळं होतं, तशी त्या फिरण्याने घाण कडेला जाऊन चिकटते. स्प्लेंडरही त्याच घराण्यातली. २००१च्या पल्सरमध्ये मात्र छोटा कागदी एलिमेंट आला. म्हणून पहिला धडा: आपल्या गाडीत काय आहे ते आधी माहीत करून घ्या. मॅन्युअल मोबाईलवर पीडीएफमध्ये मिळतं.

‘एवढा फरक पडतो का?’ असं विचाराल तर एक आकडा सांगतो. १९८८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या इंजिनिअरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४० मायक्रॉनच्या गाळणीच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या गाळणीने इंजिनाची झीज निम्म्याने कमी झाली, १५ मायक्रॉनच्या गाळणीने ७० टक्क्यांनी. तेल तेच, इंजिन तेच, फरक फक्त गाळणीचा.

आता निवडायचा कसा? माझी पद्धत सांगतो.

पहिलं, पार्ट नंबर. ‘आटे बसतात ना, मग चालतंय’ हे ऐकू नका. आटे सारखे असूनही बायपास व्हॉल्व्ह वेगळ्या दाबावर उघडणारा असू शकतो, किंवा डब्यात नसूही शकतो. मॅन्युअलमधला नंबर किंवा नामांकित फिल्टर कंपनीच्या यादीतला तुमच्या मॉडेलचा नंबर, एवढंच खरं. महागडाच घ्या असं माझं म्हणणं नाही. गाडीच्या कंपनीचाच हवा असंही नाही.

दुसरं, खोका. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष, ग्राहक सेवेचा नंबर. हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. क्यूआर कोड असेल तर दुकानातच स्कॅन करा. पक्कं बिल मागा. बिल म्हटल्यावर दुकानदार दुसरा डबा काढत असेल तर समजून जा.

तिसरं, डबा उलटा करून मोबाईलचा टॉर्च मारा. मधले आटे स्वच्छ हवेत, धातूचा कीस नको. बाहेरचं रबर सगळीकडून सारखं बसलेलं हवं. भोवतालच्या छिद्रांतून आत एक रबरी पडदा दिसतो. गाडी बंद असताना तेल परत चेंबरमध्ये उतरू नये म्हणून तो बऱ्याच डब्यांत असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, बॉनेटखाली काय होत असेल विचार करा. साधं रबर उष्णतेने कडक होतं, सिलिकॉनचं जास्त टिकतं. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, लाल रंग कुणीही देऊ शकतो.

चौथं, लावताना. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलंय का ते बोटाने तपासा. दोन रबरं एकावर एक बसली की तेल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. नव्या रबराला तेलाचं बोट फिरवा. रबर टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरा, पान्याने आवळू नका. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. मग गाडी दोन मिनिटं चालू ठेवून खाली वाकून बघा.

पाचवं, मुदत. धुळीच्या शिवारात, ट्रॅक्टरमागे, जवळच्या जवळ फेऱ्या मारणाऱ्या गाडीला मॅन्युअलमध्ये लवकरची मुदत दिलेली असते. आपली गाडी बहुतेक त्याच रकान्यात येते.

आणि शेवटचं, माझ्या वडिलांनी लावलेली सवय. काढलेला जुना डबा ते घरी आणायचे, तेल निथळू द्यायचे आणि ब्लेडने कापून बघायचे. कागद सरळ आहे का, घड्या चिकटल्यात का, चमकणारा चुरा आहे का. बघून झालं की नवा खोका फाडून टाकायचे, कारण रिकामा चांगला खोका नकली मालवाल्याच्या कामी येतो. पाटल्या सुटायला तीन वर्षं लागली. त्यानंतर वडिलांनी बारा वर्षं गाडी चालवली आणि प्रत्येक वेळी डबा कापला. आई हसायची, म्हणायची, ‘कोंबडी चिरल्यासारखं काय बघता?’

आता मी माझ्या गाडीचा कापतो. शेजारची पोरं जमतात, फोटो काढतात. तुम्हीही एकदा कापून बघा, हात सांभाळून, आणि आत काय सापडलं ते मला कळवा. तुमच्या घरात कुणी जुने ट्रकवाले, जीपवाले, इंजिनवाले असतील तर त्यांना विचारा की ते तेल कसं गाळायचे. या सगळ्यावर एक वेगळा एपिसोड करायचा विचार आहे. तोपर्यंत रजा घेतो. गाडी जपून चालवा, भो.