ॲस्पेन: बर्फावरची एक आठवड्याची सुट्टी इतकी महाग का पडते?

नाताळ जवळ आला की इन्स्टाग्रामवर एकाच गावाचे फोटो दिसायला लागतात. फरचे कोट, बर्फाने लगडलेली झाडं, हातात गरम चॉकलेटचा कप आणि मागे डोंगरावरून सुसाट खाली येणारी चार-पाच वर्षांची पोरं. गावाचं नाव ॲस्पेन. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटरवर वसलेलं. कायमचे रहिवासी जेमतेम सात हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं खेडं. पण या खेड्याच्या विमानतळावर सुट्टीच्या दिवसांत खासगी जेट उभी करायला जागा पुरत नाही.

हॉलिवूडचे तारे, अब्जाधीश आणि राजघराण्यातली मंडळी इथे येतात, हे रील्समुळे सगळ्यांना माहीत आहे. पण एखादं साधं नोकरदार कुटुंब इथे आठवडाभर स्की करायला गेलं तर नेमकं काय होतं? पैसे कुठे जातात? आणि हे गाव एवढं महाग झालं तरी कसं?

चार डोंगर, एक तिकीट

ॲस्पेन म्हणजे एकच डोंगर, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात इथे चार वेगवेगळी स्की क्षेत्रं आहेत: ॲस्पेन माउंटन, ॲस्पेन हायलँड्स, बटरमिल्क आणि स्नोमास. चारही एकाच कंपनीच्या ताब्यात आहेत, एकाच तिकिटावर चारही ठिकाणी जाता येतं आणि मधली बस फुकट असते.

नवख्या कुटुंबाची पहिली फसगत इथेच होते. फोटोत दिसणारा, गावाच्या अगदी डोक्यावर उभा असलेला डोंगर म्हणजे ॲस्पेन माउंटन. साहजिकच त्याच्या पायथ्याशी हॉटेल घ्यावंसं वाटतं. पण या डोंगरावर नवशिक्यांसाठी एकही उतार नाही. अमेरिकेत उतारांना खुणा असतात. हिरवं वर्तुळ म्हणजे सोपा, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड आणि दोन काळे हिरे म्हणजे फक्त तयारीच्या माणसांसाठी. ॲस्पेन माउंटनच्या नकाशात हिरवं वर्तुळ सापडतच नाही.

लहान मुलं आणि पहिल्यांदा स्की घालणारे आई-बाबा यांच्यासाठी बटरमिल्क किंवा स्नोमास. बटरमिल्कवर २००२ पासून 'एक्स गेम्स' ही जगप्रसिद्ध स्पर्धा होते. टीव्हीवर हवेत कोलांट्या मारणारे खेळाडू दिसतात तो हाच डोंगर, पण त्याचा बराचसा भाग सौम्य आहे. स्नोमास सगळ्यात मोठा. तिथे मुलांसाठी वेगळी इमारत आहे आणि पायथ्याशी स्वतंत्र गावही. मुलांसोबत जाणाऱ्यांनी मुक्काम तिथेच केलेला बरा. सकाळी जड बूट आणि रडणारं पोर घेऊन बस पकडण्याची वेळ येत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या खुणा त्या-त्या डोंगरापुरत्या असतात. एका ठिकाणचा निळा चौकोन दुसऱ्या ठिकाणी काळा हिरा ठरू शकतो. युरोपात तर काळ्याच्या आधी लाल रंगही येतो. त्यामुळे 'आम्ही गुलमर्गला स्की केलंय' एवढ्या भांडवलावर थेट वर जाऊ नये.

पैसे नेमके कुठे जातात?

सगळ्यात आधी लिफ्टच्या तिकिटात. ऐन हंगामात खिडकीवर जाऊन घेतलेलं एका मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट २०० डॉलरच्या वर जातं. रुपयांत सतरा-अठरा हजारांहून जास्त, आणि तेही फक्त डोंगरावर वर जाण्यासाठी. स्की, बूट, काठ्या आणि हेल्मेट यांचं भाडं वेगळं. शिकवणीचे पैसे वेगळे. खासगी प्रशिक्षक दिवसभरासाठी घेतला तर आकडा हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो. वर अमेरिकन रिवाजाप्रमाणे त्याला टीप.

एका दिवसाचं तिकीट एवढं महाग ठेवण्यामागे हिशेब आहे. स्की कंपन्यांचा धंदा बर्फावर चालतो आणि बर्फ पडेलच याची खात्री कुणी देत नाही. २००८ मध्ये वेल रिसॉर्ट्स या कंपनीने 'एपिक पास' आणला. हंगामाच्या कितीतरी आधी, एकही हिमकण पडायच्या आत, पूर्ण हंगामाचा पास तुलनेने स्वस्तात विकायचा. पैसे आधीच हातात येतात आणि बर्फ कमी पडला तर तोटा गिऱ्हाइकाचा. २०१८ मध्ये त्याला 'आयकॉन पास'ची स्पर्धा आली आणि ॲस्पेनचे डोंगर या दुसऱ्या गटात गेले. खिडकीवरचं तिकीट महाग असल्याशिवाय पास स्वस्त वाटणार नाही, हे त्यातलं साधं गणित. म्हणजे आयत्या वेळी जाणारं कुटुंब सगळ्यात जास्त भरतं. ऑनलाइन, काही आठवडे आधी काढलेलं तिकीट बरंच कमी पडतं.

नाताळ ते नववर्ष हा आठवडा सर्वांत महाग. फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेची जोडसुट्टी आणि मार्चमधली शाळांची सुट्टीही तशीच. जानेवारीचा मधला काळ त्या मानाने शांत असतो, थंडी मात्र कडक असते.

मुंबईच्या टांकसाळीचा संबंध काय?

ॲस्पेन स्कीमुळे जन्माला आलेलं नाही. ही मूळची यूट या आदिवासी समाजाची भूमी. १८७९ मध्ये चांदीच्या शोधात गोरे लोक इथे आले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत यूट लोकांना इथून हुसकावून लावण्यात आलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत वस्ती दहा हजारांच्या वर गेली. ऑपेरा हाउस आलं, वीज आली, रेल्वे आली.

हे सगळं एका सरकारी सवयीवर उभं होतं. १८९० च्या कायद्यानुसार अमेरिकन सरकार दर महिन्याला ४५ लाख औंस चांदी विकत घेत होतं. जगातला चांदीचा दुसरा मोठा गिऱ्हाईक होता ब्रिटिश हिंदुस्थान, कारण आपला रुपया चांदीचा होता. कुणीही चांदी घेऊन मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जायचं आणि रुपये पाडून घ्यायचे, अशी मोकळीक होती. २६ जून १८९३ रोजी ब्रिटिश सरकारने ही मोकळीक बंद केली. चांदीचा भाव काही दिवसांत कोसळला आणि कोलोरॅडोतल्या खाणी धडाधड बंद पडल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेनेही चांदीची खरेदी थांबवली. हिंदुस्थानातल्या टांकसाळींबाबतच्या एका निर्णयाची झळ रॉकी पर्वतातल्या खाणकामगारांच्या चुलीपर्यंत पोहोचली ती अशी.

१९३० पर्यंत गावात सातशेच्या आसपास माणसं उरली होती. रिकामी घरं, ओसाड रस्ते. या काळाला स्थानिक लोक 'शांत वर्षं' म्हणतात.

मग दोन माणसांनी चित्र पालटलं. एक फ्रीडल फायफर, ऑस्ट्रियातून आलेला स्कीपटू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनचे सैनिक जवळच्याच कॅम्प हेलमध्ये बर्फातल्या युद्धाचं शिक्षण घेत होते, त्यांच्यात तो होता. दुसरा शिकागोचा उद्योगपती वॉल्टर पेपके. या दोघांच्या पुढाकारातून १९४६ मध्ये स्की कंपनी स्थापन झाली आणि १९४७ च्या जानेवारीत खुर्च्यांची लिफ्ट समारंभाने सुरू झाली. त्या वेळी ती जगातली सर्वांत लांब मानली जात होती.

पेपकेला मात्र नुसता खेळ नको होता. १९४९ मध्ये त्याने जर्मन कवी गटेच्या जन्माची द्विशताब्दी इथे साजरी केली. शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला असं आपल्याकडे सांगतात, तोच हा गटे. या सोहळ्यासाठी अल्बर्ट श्वाइट्झर आले. पुढे ॲस्पेन इन्स्टिट्यूट आणि संगीत महोत्सव उभा राहिला. स्कीबरोबर विचारवंत, संगीतकार आणि पैसेवाले एकाच गावात जमा व्हायला लागले. ॲस्पेनची 'उच्चभ्रू' ओळख इथून पक्की होत गेली.

बर्फ उपसणारे राहतात कुठे?

अलीकडच्या वर्षांत ॲस्पेनमधल्या स्वतंत्र घराची सरासरी किंमत एक कोटी डॉलरच्या वर गेली आहे. त्यातली कित्येक घरं वर्षातले बरेच महिने बंद असतात. अब्जाधीशांनी लक्षाधीशांना गावाबाहेर घालवलं, असा विनोद तिथे जुना झाला आहे.

हॉटेलमधल्या चादरी बदलणारे, पहाटे उतार सपाट करणारी यंत्रं चालवणारे, शिक्षक, परिचारिका, बसचालक यांना हे परवडणं शक्यच नाही. त्यातले हजारो जण कार्बनडेल, ग्लेनवुड स्प्रिंग्ज किंवा त्याहून लांबच्या रायफलमधून रोज हायवे ८२ ने येतात. हिवाळ्यात, बर्फात, दीड-दीड तास. हंगामापुरते काम करायला दक्षिण अमेरिकेतून विद्यार्थीही येतात आणि एकेका खोलीत दाटीवाटीने राहतात.

गावाने यावर काही केलं नाही असं मात्र नाही, आणि ॲस्पेनच्या बातम्यांत हाच भाग सहसा गाळला जातो. शहर आणि काउंटीने मिळून कामगारांसाठी सुमारे तीन हजार घरं राखून ठेवली आहेत. ती बाजारभावाने विकता येत नाहीत आणि तिथे स्थानिक नोकरी करणाऱ्यालाच राहता येतं. त्यासाठीचा पैसा येतो घरविक्रीवरच्या एक टक्का करातून. म्हणजे एखाद्या अब्जाधीशाने दोन कोटी डॉलरचा बंगला घेतला की जवळपास दोन लाख डॉलर कामगारांच्या घरांसाठी जमा होतात. २०२२ मध्ये मतदारांनी पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांवरही जादा कर बसवला. सुट्टीच्या बिलात तो कर दिसतो, तो इथून आलेला. तरीही या घरांसाठीची रांग संपत नाही. एक घर लॉटरीत निघालं की डझनावारी अर्ज येतात. सात हजारांच्या गावात एवढं काही होऊ शकतं, तर मोठ्या शहरांची सबब जरा लंगडीच वाटते.

पहिला दिवस वाया गेला तरी चालेल

ॲस्पेन कळसूबाईच्या शिखरापेक्षा साडेसातशे मीटर उंच आहे आणि स्कीचे उतार त्याहूनही वर, ॲस्पेन माउंटनचा माथा ३,४१७ मीटरवर. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी असतो. मुंबई किंवा न्यू जर्सीहून थेट विमानाने उतरलेल्या माणसाचं डोकं दुखणं, मळमळणं, झोप न लागणं हे नेहमीचं. मोठी माणसं सांगतात तरी, लहान मूल नुसतं चिडचिड करतं आणि जेवत नाही. ते हट्ट करतंय असं समजून त्याला डोंगरावर नेलं तर त्रास वाढतो. एक रात्र डेन्व्हरला काढणं, भरपूर पाणी पिणं आणि पहिल्या दिवशी फक्त हिंडणं, एवढं केलं तर बहुतेकांचं निभावतं. डोकेदुखी वाढत गेली, धाप लागली किंवा तोल जायला लागला तर खाली उतरणं आणि डॉक्टर गाठणं हाच उपाय.

थंडीत उन्हाची कुणी काळजी करत नाही. पण ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांनाही सनस्क्रीन लावावं लागतं, गॉगल तर हवाच. आतले कपडे सुती नकोत. घामाने भिजलेला सुती बनियन थंडीत वाळत नाही.

मुलांची शिकवणी साधारण तीन वर्षांपासून सुरू होते आणि तिची भाषा गमतीशीर आहे. स्कीची पुढची टोकं जवळ आणली की 'पिझ्झा', म्हणजे वेग कमी. दोन्ही स्की समांतर केल्या की 'फ्रेंच फ्राइज', म्हणजे वेग वाढला. दोन दिवसांत मुलं आई-बाबांना ओरडून सांगायला लागतात, 'बाबा, पिझ्झा करा!' आपल्या मुलाला आपणच शिकवायचा मोह टाळलेला चांगला. निम्म्या दिवसात दोघंही रडकुंडीला येतात.

भाड्याच्या दुकानात वजन, उंची, वय आणि सराव विचारतात तेव्हा लाजून वजन कमी सांगू नये. पडल्यावर बूट स्कीपासून सुटावा म्हणून 'बाइंडिंग'ची पकड याच आकड्यांवरून ठरते. पकड घट्ट राहिली तर स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. सैल राहिली तर चालत्या वेगात स्की निघते.

धडक झाली तर चूक कोणाची?

२०१६ मध्ये अभिनेत्री ग्वेनेथ पॅल्ट्रो मुलांसोबत युटा राज्यातल्या डिअर व्हॅलीत सुट्टीवर होती. तिथे तिची आणि एका निवृत्त दृष्टितज्ज्ञाची धडक झाली. त्याने नुकसानभरपाई मागितली, तिने उलट एका डॉलरचा दावा लावला. मार्च २०२३ मध्ये पार्क सिटीच्या न्यायालयातला हा खटला जगभर थेट पाहिला गेला आणि त्यावर मीम्सचा पाऊस पडला. ज्युरीने पॅल्ट्रोच्या बाजूने निकाल दिला. सगळा वाद एका प्रश्नाभोवती फिरत होता: वरून येत होतं कोण?

कारण स्कीचा मूळ नियम तोच आहे. पुढे, म्हणजे खाली असलेल्याचा रस्ता पहिला. वरून येणाऱ्याने त्याला चुकवायचं. कोलोरॅडोच्या १९७९ च्या स्की सुरक्षा कायद्यातही हेच आहे. धडकेत कुणी जखमी झालं तर नाव-पत्ता दिल्याशिवाय निघून जाता येत नाही. आणि खेळात मुळातच असलेल्या धोक्यांसाठी, म्हणजे बदलणारा बर्फ, खडक, झाडं वगैरेंसाठी कंपनीवर दावा करता येत नाही.

भारतातून जाणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची बाब. साध्या प्रवास विम्यात अनेकदा हिवाळी खेळ वगळलेले असतात. अमेरिकेत मोडलेल्या पायाचं बिल पूर्ण सुट्टीच्या खर्चाला मागे टाकतं, त्यामुळे पॉलिसीतली ती ओळ निघण्याआधी वाचायची.

डेन्व्हरहून रस्त्याने साडेतीन-चार तास लागतात. उन्हाळ्यात इंडिपेंडन्स पासवरून जवळचा रस्ता आहे, पण हिवाळ्यात तो बंद असतो आणि गुगल मॅपवरचं ते अंतर बघून बेत आखणाऱ्यांची पंचाईत होते. मुख्य रस्त्यावर सप्टेंबर ते मे या काळात बर्फाला योग्य टायर किंवा साखळ्या बंधनकारक असतात. भाड्याची गाडी घेताना हे आधी विचारावं.

हंगाम नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होतो आणि एप्रिलच्या मध्यावर संपत येतो. त्यानंतर लिफ्ट थांबतात, निम्मी हॉटेलं दारं लावून घेतात, खोल्यांचे भाव पडतात आणि डोंगरावरचा बर्फ वितळून रोअरिंग फोर्क नदीतून कोलोरॅडो नदीकडे जायला लागतो.